सेलवर चालणारी जुनी घड्याळे घरी दुरुस्त करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथे कोणत्या घड्याळांचा विचार केला आहे?

विजेवर चालणाऱ्या घड्याळाचे पेटंट स्कॉटलंडच्या अलेक्झांडर बेन यांनी १८४१ मध्ये घेतले, परंतु सेल घालून घरात टांगता किंवा टेबलावर ठेवता येईल असे घड्याळ सर्वसामान्यांपर्यंत पोहोचण्यास विसावे शतक उजाडावे लागले. लंडनमध्ये १९०९ ते १९१४ या काळात तयार झालेली ‘युरेका’, फ्रान्समधील फाव्र-बुल यांची ‘बुल’ आणि लेऑं आतो यांच्या कारखान्यातील ‘आतो’ ही त्या पहिल्या पिढीतील नावे होत. आपल्याकडील घरांत मात्र प्रामुख्याने आढळतात ती त्यानंतरची ट्रान्झिस्टर घड्याळे, म्हणजे ज्यांत ट्रान्झिस्टर हा छोटा इलेक्ट्रॉनिक भाग विजेची वाट उघड-बंद करतो अशी घड्याळे. परदेशातून कोणी आणलेले सेको किंवा सिटिझन, काचेच्या घुमटाखाली लंबक हलणारे जर्मन कुंडो, आणि गुजरातमधील मोरबी येथे १९७१ मध्ये सुरू झालेल्या अजंताची सुरुवातीची घड्याळे ही त्याची उदाहरणे आहेत. पुढील उत्तरांचा भर या ट्रान्झिस्टर घड्याळांवर आहे. त्याआधीच्या आणि नंतरच्या प्रकारांचा उल्लेख आवश्यक तेथे केला आहे.

माझे घड्याळ यांपैकी कोणत्या प्रकारचे आहे, हे मागचे झाकण न उघडता कसे ओळखावे?

सेकंदकाट्याकडे पाहावे आणि कान लावून ऐकावे. काटा दर सेकंदाला एकदाच उडी घेऊन थांबत असेल, तर ते बहुधा क्वार्ट्झ, म्हणजे क्वार्ट्झच्या खड्याच्या कंपनांवर वेळ मोजणारे, घड्याळ आहे. काटा बारीक बारीक धक्क्यांनी जवळजवळ सलग सरकत असेल आणि आतून जलद टिकटिक ऐकू येत असेल, तर आत डावी-उजवीकडे झुलणारे तोलचक्र, म्हणजे बॅलन्स व्हील, असावे. टिकटिक किल्लीच्या घड्याळासारखीच असून दर काही मिनिटांनी एखादा ‘खट्’ असा मोठा आवाज किंवा मोटरची क्षणभर घरघर येत असेल, तर त्यात स्प्रिंगच आहे आणि सेल केवळ ती स्प्रिंग पुन्हा गुंडाळण्याचे काम करतो. घड्याळ बंदच असेल तर झाकण उघडावे लागेल. तांब्याच्या तारेची चपटी गुंडाळी आणि तिच्या जवळून फिरणारे चुंबक दिसले, की ट्रान्झिस्टर घड्याळ ओळखता येते.

लंबक दिसतो म्हणून ते लंबकाचे घड्याळ आहे, असे मात्र समजू नये. कित्येक भिंतीवरील घड्याळांत लंबक केवळ शोभेचा असतो. त्याला हलवणारी गुंडाळी निराळी असते आणि वेळेशी त्याचा काहीही संबंध नसतो. असा लंबक थांबला तरी वेळ बिनचूक राहते.

घड्याळ अनेक वर्षे बंद आहे. सुरुवात कोठून करावी?

सेलपासून यंत्रापर्यंत वीज पोहोचते की नाही, येथूनच सुरुवात करावी. सांगावेसे वाटते ते हेच, की ‘मेलेले’ म्हणून अडगळीत टाकलेल्या घड्याळांपैकी पुष्कळ घड्याळांचे यंत्र शाबूत असते. बिघाड असतो तो सेल आणि यंत्र यांच्यामधल्या दोन इंचांत. गंजलेली पट्टी, ढिली झालेली रिव्हेट, थराखाली आतून तुटलेली वायर हे दोष वरवर पाहता दिसत नाहीत. म्हणून नवा सेल घालून मल्टिमीटरची टोके प्रथम सेलवर आणि नंतर थेट सर्किटच्या जोडावर, म्हणजे जेथे वायर सोल्डर केलेली आहे तेथे, टेकवावीत. दोन्ही ठिकाणी सुमारे १.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. सेलवर १.५ आणि सर्किटवर ०.९ किंवा शून्य असेल, तर यंत्राला हात लावण्याची गरजच नाही. दोष वाटेत आहे.

ही तपासणी होईपर्यंत एकही स्क्रू सैल करू नये, असा आग्रह आहे. कारण न शोधता यंत्र उघडल्यास मूळ दोष राहतो तेथेच राहतो आणि हेअरस्प्रिंग, म्हणजे तोलचक्राला झुलवत ठेवणारी केसासारखी बारीक स्प्रिंग, वाकण्यासारखा नवा, अधिक अवघड दोष निर्माण होतो.

यासाठी कोणती हत्यारे लागतील?

साधा डिजिटल मल्टिमीटर, बारीक स्क्रू-ड्रायव्हरचा संच, पितळेचा किंवा प्लॅस्टिकचा चिमटा, २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न, भिंग, मऊ ब्रश आणि काढलेले स्क्रू क्रमाने ठेवण्यासाठी कप्प्यांची डबी एवढे पुरेसे आहे. पोलादी चिमटा शक्यतो टाळावा. तोलचक्रावरील चुंबक तो अचानक ओढून घेते आणि टोक हेअरस्प्रिंगवर जाऊन आदळते. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने छायाचित्र घेण्याची सवय लावून घ्यावी.

सेल गळून पट्ट्यांवर पांढरा-हिरवा थर जमला आहे. तो कसा काढावा?

आधी अल्कलाइन की साधा झिंक-कार्बन, यांपैकी कोणता सेल गळला आहे ते पाहावे, कारण दोन्हींवरचे उपाय परस्परविरुद्ध आहेत. अल्कलाइन सेलमधून बाहेर पडते ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, जे अल्कधर्मी असते. त्यासाठी व्हिनेगर किंवा लिंबाचा रस कापसाच्या बोळ्यावर घेऊन पुसावे. जुन्या साध्या झिंक-कार्बन सेलमधील द्रव आम्लधर्मी असतो; त्यासाठी पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा वापरावा. सरसकट लिंबू चोळण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, परंतु साध्या सेलच्या गळतीवर लिंबू चोळणे म्हणजे आम्लावर आणखी आम्ल टाकणे होय.

थर विरघळल्यावर स्वच्छ पाण्याने ओलसर केलेल्या बोळ्याने दोन-तीन वेळा पुसून जागा पूर्ण कोरडी करावी. हे सारे करताना द्रव यंत्राकडे ओघळू नये म्हणून शक्य असल्यास सेलचा कप्पा वेगळा करावा, आणि ते शक्य नसेल तर घड्याळ असे धरावे की कप्पा सर्वांत खाली राहील. हातमोजे घालावेत व डोळे सांभाळावेत. पट्टी आतपर्यंत खाल्ली गेली असेल, तर तिला घासत बसण्याऐवजी पितळेच्या पातळ पत्र्याची नवी पट्टी कापून बसवावी. कोकणासारख्या दमट व खाऱ्या हवेत पितळ लवकर कळकते. तेथे गळती झालेली नसतानाही पट्ट्यांवर वीज अडवणारा थर धरतो, म्हणून पावसाळ्यानंतर एकदा पट्ट्या पुसून घेणे हिताचे ठरते.

मूळ आकाराचा सेल मिळत नाही किंवा महाग पडतो. पेन्सिल सेल चालेल का?

व्होल्टेज सारखेच असल्यामुळे चालेल, परंतु तो किती काळ पुरेल याचा हिशेब करावा. समजा, घड्याळ सरासरी २०० मायक्रोअँपिअर वीज घेते. वर्षाचे ८,७६० तास धरले तर ती सुमारे १,७५० मिलिअँपिअर-तास होते. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलची क्षमता २,००० ते २,५०० च्या आसपास असते, म्हणजे तो जेमतेम वर्ष-सव्वा वर्ष टिकेल. साधा पेन्सिल सेल त्याच्या निम्माही टिकणार नाही. जुन्या यंत्रांत टॉर्चचा मोठा सेल घालण्याची सोय का केली होती, ते यावरून लक्षात येते.

मध्यम आकाराचा, म्हणजे सी सेल, आणि पेन्सिल सेल यांची लांबी जवळजवळ सारखी, सुमारे ५० मिलिमीटर असते. म्हणून पेन्सिल सेलभोवती जाड कागदाची नळी गुंडाळून तो मध्यम सेलच्या कप्प्यात नीट बसवता येतो. रिचार्जेबल सेल मात्र टाळावा. त्याचे व्होल्टेज १.२ असते आणि तेवढ्यावर पुष्कळ घड्याळांच्या चक्राचा झोका अपुरा पडतो. उलट नव्या लिथियम पेन्सिल सेलचे व्होल्टेज सुरुवातीला १.८ च्या जवळपास असते, त्यामुळे झोका गरजेपेक्षा मोठा होऊन वेळेची शिस्त बिघडते. सेल चालू स्थितीत असला तरी वर्षातून एकदा बदलावा. गळतीने होणाऱ्या नुकसानीपुढे एका सेलची किंमत काहीच नाही.

ट्रान्झिस्टर घड्याळ चालते तरी कसे?

हे समजल्याशिवाय पुढची तपासणी नेमकेपणाने करता येत नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. तोलचक्रावर किंवा लंबकाच्या टोकाला चुंबक असते आणि ते स्थिर गुंडाळीजवळून जाते. त्या गुंडाळीत प्रत्यक्षात दोन वेगळ्या तारा गुंडाळलेल्या असतात. चुंबक जवळ येताच पहिल्या तारेत क्षीण व्होल्टेज निर्माण होते, ते ट्रान्झिस्टरच्या बेसला, म्हणजे त्याला सुरू-बंद करणाऱ्या पायाला, मिळते, ट्रान्झिस्टर क्षणभर सुरू होतो आणि सेलची वीज दुसऱ्या तारेतून वाहते. त्या विजेने निर्माण झालेले चुंबकीय क्षेत्र चक्राला नेमक्या त्याच क्षणी हलकासा धक्का देते. चुंबक पुढे निघून गेले की ट्रान्झिस्टर पुन्हा बंद होतो.

या रचनेत वीज जोडण्या-तोडण्यासाठी घासणारा एकही संपर्क नाही, आणि तिचे सारे मोल त्यातच आहे. बुल किंवा युरेकासारख्या आधीच्या घड्याळांत प्रत्येक झोक्याला दोन धातू एकमेकांना टेकत, ठिणगी पडे, आणि ती टोके काळी पडत. १९४७ च्या अखेरीस ट्रान्झिस्टरचा शोध लागल्यानंतर दहा-बारा वर्षांच्या आत घड्याळ बनवणाऱ्यांनी तो दोष मुळातूनच काढून टाकला. अवघ्या एका ट्रान्झिस्टरने आणि एक-दोन सुट्या भागांनी साधलेली ही करामत इतकी नेटकी आहे, की तिच्यासाठी ही घड्याळे जतन करावीत असे मनापासून वाटते.

सर्किटपर्यंत १.५ व्होल्ट पोहोचतात, तरीही चक्र झुलत नाही. आता काय तपासावे?

प्रथम सेल काढून चक्राला बोटाने अलगद अर्धा फेरा द्यावा. ते मोकळेपणाने झुलत हळूहळू मंदावले पाहिजे. दोन-तीन झोक्यांतच अडखळून थांबले, तर दोष विजेचा नाही. वाळलेले तेल, धूळ, वाकलेली हेअरस्प्रिंग किंवा चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा कण हे कारण असेल.

चक्र मोकळे असेल, तर सेल घालून हीच चाचणी पुन्हा करावी. सेल घातल्यावर चक्र अधिक काळ झुलत असेल, तर सर्किट काम करीत आहे, केवळ जोर कमी पडतो आहे. सेल असताना आणि नसताना काहीच फरक नसेल, तर वीज गुंडाळीत जातच नाही. आणि सेल घातल्यावर ते आधीपेक्षाही लवकर थांबत असेल, तर ट्रान्झिस्टर आतून शॉर्ट झाल्याचा संशय घ्यावा, कारण अशा वेळी गुंडाळी आणि सेल यांचे बंद वर्तुळ तयार होऊन चुंबकाला ब्रेक लागतो.

यानंतर मल्टिमीटर मिलिअँपिअरवर लावून सेलच्या वाटेत जोडावा. चक्र स्थिर असताना वीज जवळजवळ शून्य असली पाहिजे आणि हाताने झुलवल्यावर प्रत्येक झोक्याला आकडा हलला पाहिजे. स्थिर असतानाही काही मिलिअँपिअर सतत वाहत असतील, तर ट्रान्झिस्टर किंवा कपॅसिटर (वीज थोडा वेळ साठवणारा भाग) गळका झाला आहे. नवा सेल काही आठवड्यांतच संपतो, या तक्रारीचे मूळही बहुधा येथेच सापडते. कपॅसिटर इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे आत द्रव असलेला, असेल तर तो प्रथम बदलावा. तो स्वस्त असतो, वयाने सुकतो, आणि त्याच मूल्याचा नवा कपॅसिटर धन-ऋण टोके पाहून लावणे सोपे असते.

एक साधी गोष्टही लक्षात ठेवावी. काही यंत्रे आपोआप सुरू होत नाहीत. सेल घातल्यावर घड्याळ तबकडीच्या पातळीत हलकेच फिरवून चक्राला पहिला झोका द्यावा लागतो.

जुना ट्रान्झिस्टर मिळत नाही. त्याजागी आजचा कोणताही लावता येईल का?

कोणताही नाही. सुरुवातीच्या घड्याळांत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर आहेत आणि ते ०.२ ते ०.३ व्होल्टलाच सुरू होतात. आजच्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरला ०.६ ते ०.७ व्होल्ट लागतात. पहिल्या तारेत निर्माण होणारे व्होल्टेज तेवढे नसेल, तर सिलिकॉनचा भाग निर्दोष असूनही घड्याळ चालणार नाही. शिवाय जर्मेनियमचे बहुतेक भाग पीएनपी जातीचे असतात. त्याजागी एनपीएन, म्हणजे धन-ऋण दिशा उलट असलेल्या जातीचा, भाग लावल्यास सारी जोडणी उलटी होते.

पहिला पर्याय म्हणजे एसी १२८ सारखा जर्मेनियमचा जुना भाग शोधणे. हे ट्रान्झिस्टर एके काळी भारतातही तयार होत असत, त्यामुळे बंद पडलेल्या जुन्या रेडिओत ते सापडू शकतात. ते बसवताना पायाला चिमटा धरून उष्णता वाटेतच शोषून घ्यावी, कारण जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. दुसरा पर्याय म्हणजे बीसी ५५७ सारखा पीएनपी सिलिकॉन भाग लावून त्याच्या बेसला सेलच्या ऋण बाजूकडून काही लाख ओहमचा रेझिस्टर देणे, जेणेकरून तो सुरू होण्याच्या उंबरठ्यावर राहील. रेझिस्टरचे मूल्य मोठ्यापासून सुरू करून कमी करीत जावे. ते फार कमी झाले तर चक्र स्थिर असतानाही वीज वाहू लागेल. जुना भाग फेकू नये, कागदात गुंडाळून घड्याळाच्या आतच ठेवावा.

गुंडाळीची तार तुटली असेल तर?

ओहमवर तपासल्यास चांगली गुंडाळी शेकडो ते काही हजार ओहम दाखवते. बुल घड्याळाची साधारण हजाराच्या पुढे असते. काहीच दाखवत नसेल तर निराश होण्याआधी बाहेरची टोके भिंगाखाली पाहावीत. केसाहून बारीक असलेली ही तार पुष्कळदा सोल्डरच्या जोडापाशीच तुटते, आणि बाहेरचे टोक असेल तर एक वेढा सोडवून, त्यावरील लाखेचा लेप अलगद काढून ते पुन्हा जोडता येते. आतले टोक तुटले असेल तर नवी गुंडाळी करणे भाग आहे, आणि ते काम यंत्र असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे.

तेल कोणते आणि कोठे घालावे?

घड्याळासाठी मिळणारे तेलच वापरावे. खोबरेल थंडीत गोठते आणि पुढे चिकट होते, शिलाई मशीनचे तेल पसरते, आणि डब्ल्यूडी-४० सारखे फवारे सर्वत्र थर सोडतात. सुईच्या टोकावर येईल एवढा थेंब, तोही फक्त जेथे पोलादी टोक पितळेत किंवा खड्यात फिरते तेथे, इतकेच तेल द्यावे. दंतचक्रांच्या दातांना आणि हेअरस्प्रिंगला तेल लागता कामा नये. आधीचे वाळलेले तेल काढल्याशिवाय नवे घालण्यात काहीच अर्थ नाही, कारण दोन्ही मिळून घासणारा चिखल होतो.

सफाईसाठी स्पिरिट वापरताना गुंडाळी व चुंबके जेथे लाखेने चिकटवली आहेत ती जागा वाचवावी. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा कीस ब्रशने निघत नाही, फक्त जागा बदलतो. तो चिकटपट्टी दाबून उचलावा.

घड्याळ चालते, पण रोज पुढे किंवा मागे जाते.

तोलचक्राच्या घड्याळात अधिक-उणे खुणा असलेली छोटी दांडी असते. ती केसभर सरकवून पूर्ण चोवीस तास थांबावे. लंबकाच्या घड्याळात गोळा वर घेतला की घड्याळ जलद होते, खाली सोडला की सावकाश. सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या लंबकात एका मिलिमीटरने दिवसाला जवळजवळ तीन मिनिटांचा फरक पडतो, यावरून किती हलक्या हाताने फिरवायचे त्याचा अंदाज येईल.

बुल घड्याळाची सर्व सफाई केली, तरी ते काही झोक्यांनंतर थांबते.

सेल उलटा लावून पाहावा. या घड्याळात गुंडाळी लंबकावर असते आणि ती वाकलेल्या स्थिर चुंबकावरून सरकते. विजेची दिशा चुकली तर प्रत्येक धक्का लंबकाला पुढे ढकलण्याऐवजी अडवतो. पूर्वी कोणी चुंबकाला पुन्हा चुंबकत्व दिले असेल आणि ध्रुव उलटे झाले असतील, तर तारेवरील मूळ खूण फसवी ठरते. मग संपर्काचे चांदीचे टोक कागदाची पट्टी मधून ओढून स्वच्छ करावे. तेथे कानस किंवा पॉलिश पेपर वापरू नये. स्प्रिंग गुंडाळणाऱ्या घड्याळांच्या संपर्कांनाही हाच नियम लागू आहे. त्यांत सेल उतरला की संपर्क जोडलेलाच राहतो आणि उरलीसुरली वीजही वाया जाते.

सुरुवातीचे क्वार्ट्झ घड्याळ दुरुस्त होते का?

पट्ट्या, गुंडाळी आणि चक्रे यांतील दोष दूर करता येतात. आयसी, म्हणजे अनेक इलेक्ट्रॉनिक भाग एकत्र सामावलेली चिप, गेला असेल तर सहसा नाही. क्वार्ट्झचा खडा सेकंदाला ३२,७६८ कंपने करतो आणि आयसी त्यांना पंधरा वेळा निम्मे करीत सेकंदाला एका ठोक्यावर आणतो. एवढे काम सुट्या भागांनी घरी उभे करणे व्यवहार्य नाही. ज्या छोट्या मोटरमुळे काटा उडी घेतो, तिची कल्पना मारियुस लाव्हे या फ्रेंच अभियंत्याने १९३६ मध्ये मांडली. आतो घड्याळांवर काम केलेले अभियंते ते हेच.

दुकानदार म्हणतात, “मशीन बदलून देतो, काम तमाम.” त्यांचे ऐकावे का?

क्वार्ट्झ घड्याळाच्या बाबतीत ऐकण्यास हरकत नाही. ट्रान्झिस्टर घड्याळाच्या बाबतीत ठामपणे नकार द्यावा. नवे मशीन बसवण्यासाठी तबकडीचे भोक मोठे केले जाते, मूळ काटे बसत नाहीत म्हणून ते बदलले जातात, आणि काढलेले यंत्र भंगारात जाते. त्यानंतर ते घड्याळ पूर्ववत करण्याचा मार्ग उरत नाही. बदलण्यावाचून गत्यंतर नसेल, तर काटे आणि यंत्र परत मागून घ्यावे आणि तबकडीला भोक पाडू देऊ नये.

सुट्या भागांसाठी मुंबईतील लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक भाग, आणि चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात त्याच बनावटीचे बंद घड्याळ शोधावे. एका बंद घड्याळातून दुसरे चालू होणे हा या कामातील नेहमीचा मार्ग आहे.

अंधारात चमकणारे आकडे असलेल्या तबकडीबाबत काही विशेष काळजी घ्यावी का?

होय, आणि ती गंभीरपणे घ्यावी. १९६० च्या दशकापर्यंतच्या चमकत्या रंगात रेडियम असू शकते. चमक कधीच मावळली असली तरी किरणोत्सर्ग मावळत नाही, कारण रेडियम-२२६ चा अर्धायुकाल सुमारे १,६०० वर्षे आहे. असा रंग खरवडू नये, घासू नये, फुंकर मारू नये. त्याची धूळ श्वासावाटे किंवा तोंडावाटे शरीरात जाणे हा खरा धोका आहे. काच तशीच बंद ठेवावी, आणि रंगाचे कपचे निघत असतील तर त्या घड्याळाचे काम घरी हाती घेऊ नये.

दुरुस्त केलेले घड्याळ काही महिने वापरायचे नसेल तर?

सेल काढून ठेवावा, कप्प्यात त्याचा आकार व धन-ऋण दिशा लिहिलेली चिठ्ठी ठेवावी आणि घड्याळ कोरड्या जागी, स्पीकरसारख्या मोठ्या चुंबकांपासून दूर ठेवावे. लंबकाचे घड्याळ हलवण्यापूर्वी लंबक काढून वेगळा गुंडाळावा. त्याला धरून ठेवणारी पातळ पोलादी पट्टी एकदा मुडपली की पूर्ववत सरळ होत नाही.